रिठदच्या वाटेवरचा रोलर

देवावर माझा विश्वास होता, रोलरवर नव्हता. वाशीमहून रिठदकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक रोड रोलर उभा आहे. रस्त्याच्या कामावर आला, बंद पडला आणि कोणी परत नेलाच नाही. त्याच्या छपरातून पिंपळ वर आला, तसा लोकांनी त्याला शेंदूर लावला. आता तिथे फोटोसाठी गाड्या थांबतात, भज्यांचा गाडा लागतो आणि रोलरबाबा अडलेली कामं मार्गी लावतो म्हणतात. जो स्वतः इतक्या वर्षांत हलला नाही तो दुसऱ्याचं काय हलवणार, असं मी म्हणत असे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना घेऊन नात्यातल्या लग्नाला निघाले होते. गाडी मीच चालवत होते. रोलर दिसताच त्या म्हणाल्या, "थांबव न व गाडी. बाबाले हात जोडून येतो."

"आत्याबाई, उशीर होईल."

"लगन टायमावर कोनाचं लागते?"

हात जोडून झाले. प्रसादाचं खोबरं तोंडात टाकून त्या बोलू लागल्या आणि तुकडा घशात अडकला. आवाज बंद, चेहरा काळानिळा. माझ्या पर्समध्ये बीपीच्या गोळ्यांपासून ग्लुकोजपर्यंत सगळं होतं. मी ती उघडून नुसती बघत राहिले. कुठल्या देवाचं नावही आठवेना. कोणीतरी या, एवढंच मनात चाललं होतं.

रोलरच्या सीटवर गॉगल लावून फोटो काढून घेणारी एक अनोळखी बाई खाली उतरून धावत आली. "सरका बाजूले," म्हणत तिने सासूबाईंना पुढे वाकवलं आणि पाठीत असे रट्टे दिले, की एरवी मी भांडलेच असते. खोबरं उडालं ते थेट भज्यांच्या पिठात. भजीवाल्याने ते झाऱ्याने काढलं, मग जरा विचार करून सगळं पीठच फेकून दिलं.

ती नर्स होती. "मी तं थांबतच नव्हतो," नवऱ्याकडे बोट दाखवत ती म्हणाली. "यायलेच फोटो पाहिजे होता."

सासूबाईंना आवाज फुटला. "पाह्यलं? बाबानं वाचोलं मले."

अडकलं तेही बाबाचंच खोबरं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी त्यांना धरून रडत होते, आणि रडता रडताच रोलरपुढे वाकले.

तिला कोणी पाठवलं, हे मी शोधत बसले नाही. आपले हात टेकले की कुणाचा तरी हात पुढे येतो, एवढं मात्र त्या दिवशी कळलं. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. संध्याकाळी दिवा लावताना 'ती बाई सुखी असो' एवढंच म्हणते. ज्याला कळायचं त्याला कळत असेल.