विस्तव निजवणारे आतोबा

देव आहे की नाही याबद्दल आमच्या आतोबांनी कधी मत दिलं नाही, पण विस्तवाला जीव असतो याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घर गुहागरजवळ, आणि उभी हयात गेली मुंबईकडच्या एका वीजकेंद्रात, कोळशाच्या बॉयलरपुढे. गणपतीला आणि शिमग्याला तेवढे गावी यायचे. बाकी वर्षभर ते तिकडे भट्टी सांभाळत आणि आत्या इकडे चूल. भट्टीच्या झरोक्याशी निळी काच धरून जाळाचा रंग बघायचा, हे त्यांचं काम, आणि ती खोड रजेतही सुटली नाही. कुणाकडे गेले की माणसांच्या आधी चुलीची चौकशी. देवरुखला माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात इकडे मंगलाष्टकं चालू आणि हे आचाऱ्याच्या चुलाणापाशी. "लाकडं दाटून भरलीस रे, त्याला श्वास कुठनं घेऊ देशील?" म्हणत त्यांनी अर्धी लाकडं ओढून काढली. वरणाला उशीर झाला, व्याही रुसले, आणि फोटोत नवरानवरीशेजारी कपाळाला काजळी लागलेले आतोबा मात्र प्रसन्न उभे आहेत.

'विझवणे' हा शब्द त्यांना खपत नसे. भट्टीतला जाळ राखेकोळशाखाली दाबून ठेवला की सकाळी उकरल्यावर तो पुन्हा फुलतो. याला ते 'निजवणे' म्हणत. रात्री आत्या चुलीतले निखारे राखेनं झाकायची, तेव्हा ते समाधानानं म्हणायचे, "निजला हो." नवराबायकोचं एकमत होणारी तेवढीच एक गोष्ट. गावातले दिवे गेले की शेजारी मुद्दाम विचारत, "काय हो, तुमचा बॉयलर निजला वाटतं?" आमच्याकडची वीज कोयनेची, आतोबांचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. तरी ते ओशाळत, आणि मग म्हणत, "पाण्यातली वीज ती. तिला पडसं व्हायचंच."

ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांच्या केंद्रात गॅस आला. समुद्राखालचा नैसर्गिक वायू नळानं थेट भट्टीत. कोळशाचे ढीग गेले, राख गेली, आतोबांच्या नखांतली काजळीसुद्धा गेली. साहेबांनी त्यांना नवं काम शिकायला बसवलं. "झरोक्यातनं बघतो तर जाळ हाय का नाय तेच कळत नाय," ते सांगायचे. "नि एक बटण दाबलं की भट्टी गार. निजणं नाय नि उठणं नाय." त्यांचं मन उडालं ते उडालंच. नोकरीची काही वर्षं शिल्लक असताना राजीनामा देऊन ते गावी आले.

आले तेव्हा आत्याला दम्यानं धरलं होतं. सगळा जन्म धुरात गेलेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, चूल बंद झाली नाही तर ही छाती फार दिवस साथ देणार नाही. मी तेव्हा रत्नागिरीला नोकरीत होते. खटपट करून आत्याच्या नावावर गॅस मंजूर करून घेतला, तर आतोबा माझ्याशी बोलेनात. मी समजावलं, तुमच्या बॉयलरचा गॅस वेगळा आणि हा सिलिंडरचा वेगळा. "आडनाव एकच ना?" असं म्हणून ते उठून गेले. पण एका सकाळी फुंकणी हातात असतानाच आत्या खाली बसली, तिला श्वासच घेता येईना, आणि त्याच दिवशी आतोबा स्वतः टेम्पो करून चिपळूणहून सिलिंडर घेऊन आले.

खोकला कमी झाला, पण सिलिंडर बघता बघता संपू लागले. दोन माणसांचं घर, एवढं शिजवतात तरी काय, म्हणून सुट्टीत मी बघायला गेले. भर दुपारी शेगडीवर भांडं नाही, काही नाही, आणि बारीक निळी ज्योत जळतेय. समोर पाटावर आतोबा, सुपाचा आडोसा धरून बसलेले. त्यांनी गॅस निजवला होता. रात्रीसुद्धा तो असाच असायचा.

मी कपाळावर हात मारला. "अहो आतोबा, वाऱ्यानं ज्योत गेली तर गॅस घरभर पसरेल. कळतंय का?"

"म्हणून तर राखण करतोय. घरातला विस्तव आपल्या हातानं कोण विझवतो गो?"

माजघरातून आत्या बाहेर आली. डोळे खोल गेलेले. "पूर्वी छाती धुरानं भरायची, आता भीतीनं भरते," ती म्हणाली. "रात्रभर हुंगत पडते मी, वास तर येत नाही ना म्हणून. तुमचा विस्तव निजतो हो, मी कुठं निजतेय?"

आतोबांनी सूप खाली ठेवलं. शेगडीकडे बघतच म्हणाले, "तिकडं गॅस आला तसा मी उठून इकडं आलो. आता इथनं उठून कुठं जाऊ?" आणि त्यांनी बटण फिरवलं. हात मात्र काही वेळ तसाच बटणावर राहिला.

आत्या त्या दुपारी जी झोपली ती दिवेलागणीलाच उठली. आतोबा तिच्या उशाशी बसून होते. तिच्या छातीचं वरखाली होणं ते झरोक्यातून जाळ बघावा तसं निरखून बघत होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी झोपलेली नीट पाहिलीच नसावी.

आता दोघंही नाहीत. पण आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. रोज दुपारी ती झोपायची, आणि आतोबा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हळू बोला म्हणून दटावायचे.