बांधावरचा माड

रोपांसाठी बियाण्याचे नारळ काढायचे होते. शेजारच्या बाबलकाकांना मी आमचा गोठ्यामागचा, नारळांनी लगडलेला माड दाखवला. काका हसले. "त्येका शेणपाणी आयता गावता. तो देतलोच!"

मग ते बांधावरच्या माडापाशी थांबले. त्याला कधी कुणी पाणी घातलं नव्हतं, तरी घोस भरलेले. "आईचा झाड ह्या," काका म्हणाले. म्हणजे, बियाण्याचे नारळ ज्याचे घ्यावेत ते झाड.

एरवी नारळ धपाधप खाली पडतात. बियाण्याचा घोस मात्र दोरीने अलगद उतरला. मी तो दोन्ही हातांवर घेतला. ज्यांना सगळं आयतं मिळतं त्यांचंच कौतुक करण्यात माझी किती वर्षं गेली, आणि हे झाड रोजच्या वाटेवर उभं होतं!

मी त्याच्या बुंध्याशी बादलीभर पाणी ओतलं. काका ओरडले, "आता लाड कित्याक?"

"लाड नव्हेत काका," मी म्हटलं, "बाळंतविडा आहे."