जाळीकाठचे मासे

पेंटरचं आयुष्य गेलं लोकांच्या डोक्यावर. म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. शिडीवर चढायचं, खालच्या बघ्यांना चार टोमणे मारायचे आणि बाजाराच्या उखाळ्यापाखाळ्या वरच्या वर ऐकायच्या. मग छापील फ्लेक्स आले नि शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. बायको त्याआधीच गेलेली. मुलगी लांबच्या शहरात, फोनवर "बाबा, जेवलात ना?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत ठेवून द्यायची. खोलीत बोलायला उरला रेडिओ, पण तोही सदा आपलंच घोडं पुढं दामटणारा.

अशात पालिकेच्या मॅडमनी काम दिलं. पावसाचं पाणी जायला रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळ्या असतात, त्या प्रत्येक जाळीशेजारी एक मासा काढायचा आणि खाली लिहायचं, 'इथलं पाणी न गाळता थेट नदीत जातं'.

"लोकांना वाटतं, जाळीत ओतलं की पुढं कुठंतरी ते शुद्ध होतं," मॅडम म्हणाल्या. "होत नाही. गाडीचं तेल, साबणाचं पाणी, कुत्र्याची घाण, सगळं पावसाबरोबर नदीत. कुणी विचारलं तर सांगत जा."

विचारणार कोण? शिडीवरचा माणूस सगळ्यांना दिसतो, रस्त्यावर उकिडवा बसलेला कुणालाच नाही. पेंटरला दिवसभर नुसते बूट दिसायचे. एका बुटानं ओल्या शेपटीवर पाय दिला, पण बुटाच्या मालकानं फोनवरचं बोलणंसुद्धा थांबवलं नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तेवढा बोलायचा, पण त्याचं बोलणं म्हणजे चिमटा.

"काय पेंटर, आज काही गळाला लागलं का?"

आणि एका सकाळी लागलं. एक कुत्रा ताज्या माशावर चारही पाय रोवून उभा राहिला. त्याच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला होत्या सिस्टर. रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. आवाज असा, की बरा झालेला पेशंटही घाबरून परत पांघरुणात शिरावा.

"हे काय काढून ठेवलंय?"

पेंटरनं सांगितलं.

"म्हणजे यानं मघाशी कोपऱ्यावर जे केलं, तेही नदीत?"

"न उचललंत तर तेही."

सिस्टर आल्या पावली मागं गेल्या आणि कागदात गुंडाळून ते उचलून आणलं. दुसऱ्या दिवसापासून त्या पेंटर कुठल्या जाळीवर बसलाय ते शोधत येऊ लागल्या. रोज नवा प्रश्न. गाडी रस्त्यावर धुतली तर? कुंड्यांतलं खत वाहून गेलं तर? मॅडमनी दिलेली विद्या लवकरच संपली. मग पेंटर संध्याकाळी पालिकेत जाऊन मॅडमना विचारून येऊ लागला. सिस्टरना उद्या सांगायला काहीतरी हवं ना! एवढा अभ्यास त्यानं शाळेत केला असता तर मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

"हल्ली रोज दाढी होते," इस्त्रीवाला म्हणाला. "नदी फारच स्वच्छ व्हायला लागली."

"तुझ्या कोळशापेक्षा स्वच्छ," पेंटरनं परतवलं. बऱ्याच दिवसांनी त्याची जीभ सैल झाली होती.

आणि मग व्हायचं ते झालं. शेवटचं अक्षर वळवून पेंटरनं ब्रश बादलीत खळबळला आणि जन्माच्या सवयीनं बादली जाळीत उपडी केली. दुधासारखं पांढरं पाणी माशाच्या नाकासमोरून आत गेलं.

"पेंटर." सिस्टर मागंच उभ्या होत्या. "हे काय ओतलंत?"

"ब्रशचं पाणी."

"आणि ते जातं कुठं?"

पेंटरनं खाली पाहिलं. उत्तर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं.

"पाण्यातलाच रंग आहे, बाई," तो पुटपुटला.

"औषधही आम्ही पाण्यातूनच देतो. म्हणून ज्याच्या त्याच्या नरड्यात ओतत नाही."

सिस्टर कुत्र्याला ओढत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. बूट आपले येत राहिले, जात राहिले.

मग पेंटर एकटाच नदीवर गेला. इतके मासे काढले, पण ते पाणी बाहेर कुठं पडतं ते त्यानं कधी पाहिलं नव्हतं. मैदानामागं काठावर एक पाइप उघडा पडला होता. त्यातून कुणाच्या तरी गाडीचा फेस येत होता, वर तेलाचा रंगीत तवंग. पाइपाखालच्या दगडांवर पांढरी पुटं चढली होती. पांढऱ्यातला पांढरा पेंटरला ओळखता येतो. हा त्याचा होता.

त्यानंतर तो बादलीला झाकण लावून, सायकलला अडकवून, रोज घरी नेऊ लागला.

"दुधाचा धंदा काढलास की काय?" इस्त्रीवाल्यानं विचारलं. पेंटर सायकल ढकलत पुढं गेला. इस्त्रीवाल्याला त्या दिवशी फार चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण तो ते कशाला कबूल करेल?

शेवटी उरली सिस्टरच्या घरासमोरची जाळी. पेंटरनं ती मुद्दाम लांबवली होती. मासा काढला, ओळ लिहिली, ब्रश बादलीत धुतला, झाकण लावलं. तो सायकलकडं वळला तेव्हा फाटक वाजलं.

"कुठं नेताय ते?"

"घरी. बेसिनमध्ये ओततो. घरातलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जातं, तिथून मग नदीत. मॅडमना विचारून आलोय."

"इतक्या लांब? रोज?"

"रोज."

"मला सांगायला नाही आलात ते."

"कुठल्या तोंडानं येणार?"

सिस्टरनी फाटक धरून ठेवलं. "बेसिन माझ्याकडंही आहे," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढा."

स्वयंपाकघरात एक कप पालथा घातलेला होता, शेजारी एक ताटली. पेंटरनं बादली सावकाश रिती केली आणि नळाखाली ब्रश धरला. पाणी पांढरं आलं, मग गढूळसर, मग नितळ. नितळ आलं तरी तो धूतच राहिला. सिस्टर दारात उभ्या होत्या. पाणी फुकट चाललंय हे त्यांना दिसत होतं. त्यांनी फडताळातून दुसरा कप काढला.