सवयीचं खोटं

आमच्या शेजारचा माणूस खोटं बोलतो हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत होतं. पुढे कोर्टात त्याच गोष्टीनं त्याला वाचवलं. इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं तापतं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही वाशीला राहायला आलो. तिकडे तेव्हा रेल्वे नव्हती, दुकानं मोजकी, आणि मुंबईतले नातेवाईक ‘खाडीपलीकडे कोण येणार’ म्हणून टाळायचे. माझे मिस्टर बसने मुंबईला नोकरीला जायचे, मी घरी ब्लाउज शिवायची. शेजारच्या फ्लॅटमध्ये हे जोडपं होतं. तो बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर सांभाळायचा. ती मराठवाड्यातल्या खेड्यातून लग्न होऊन आलेली. मूलबाळ नव्हतं. दुपारी ती माझ्याकडे तुरपाई शिकायला यायची, मला ताई म्हणायची. हात चांगला होता तिचा. मनात आलं की गावाकडची गाणी गुणगुणायची, कुणी ऐकतंय असं दिसलं की लगेच गप्प.

नवरा मात्र बोलबच्चन. लोकांना सांगायचा, मी इंजिनीअर आहे. कधी म्हणायचा, मिलिटरीत होतो, पायात अजून गोळी आहे. महिन्याभरानं तीच गोळी खांद्यात गेलेली असायची. पिशवीत बोंबील असले तरी जिन्यात भेटेल त्याला पापलेट आणलं म्हणून सांगणार. त्यातून त्याला काही मिळायचं असंही नाही. ती शेजारी उभी असायची, पदर तोंडाला लावून हसायची आणि तो पुढे गेला की म्हणायची, “यांचं काय मनावर घेऊ नका, ताई.” आम्हीही घेत नव्हतो. लोकांची करमणूक व्हायची.

एका थंडीत तो मला जिन्यात एकटा भेटला. चेहरा पाडून म्हणाला, “वहिनी, हिच्या आईचं काही खरं नाही. अर्धांगवायू झालाय. हिला कधीही गावी पाठवावं लागेल. कदाचित तिकडेच राहावं लागेल तिला.” मला वाईट वाटलं. नंतर कळलं की वाण्याला, सोसायटीच्या चेअरमनना, खालच्या मजल्यावरच्या नर्सबाईंना, सगळ्यांना त्यानं हेच सांगितलं होतं.

दुपारी ती आली तेव्हा मी विचारलं, “आई कशी आहे गं आता?”

तिची सुई थांबली. “माझ्या आईला काय झालंय? परवाच मामा येऊन गेले. आई ज्वारीच्या काढणीला जातीया म्हणाले.” मग ती हसायला लागली. “आणखी एक सोडली वाटतं यांनी!”

दुसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं, नवरा म्हणाला की कंपनीत रजा मिळावी म्हणून ती थाप होती. विषय तिथंच संपला.

त्यानंतरच्या एका रविवारी संध्याकाळी तो एकटाच जिना चढून आला. दार उघडं दिसेल तिथं थांबून सांगत होता, “तार आली. हिला ठाण्याला एसटीत बसवून आलो.” मला ते खटकलं. या वेळी खरंच तार आली असली, तरी ती मला हाक न मारता जाईल? पण नवराच सांगतोय म्हटल्यावर खोलात जाणार कोण?

पुढच्या आठवड्यात मी मासळी घ्यायला गेले. माझी नेहमीची कोळीण खाडीकडे हात करून कुजबुजत म्हणाली, “खारीत बाईमानूस गावलंय, बाय. विटकरी पातळ हाय अंगावं.” विटकरी पातळ! त्याचं मॅचिंग ब्लाउज मीच शिवलं होतं. माझ्या हातातली पिशवी तिथंच राहिली. मिस्टरांना ऑफिसातून बोलावून घेतलं आणि आम्ही पोलीस स्टेशनला गेलो. ओळख पटवायची वेळ माझ्यावर आली. चेहरा ओळखण्यासारखा नव्हता. बाहीची तुरपाई ओळखली. ती तिनं स्वतः घातली होती.

गळा दाबून मारलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो आधी म्हणाला, स्टँडवर सोडल्यावर चोरांनी गाठलं असेल. मग वाशी गावातल्या एका माणसानं दोघांना त्या संध्याकाळी खाडीच्या बांधावर पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं पवित्रा बदलला. फिरायला गेलो होतो, तिनं माझ्या आईवरून शिवी दिली, माझा तोल गेला. शिवी! त्या पोरीच्या तोंडून मी कधी मोठा आवाजसुद्धा ऐकला नव्हता.

खटला ठाण्याच्या कोर्टात उभा राहिला. व्हरांड्यात सरकारी वकिलांनी मला समजावून सांगितलं, “गळा दाबल्याचं तो नाकारत नाही. वाद एवढाच आहे की ठरवून तिकडे नेलं, की भांडणाच्या भरात घडलं. भरात घडलं असं धरलं तर तो खून राहत नाही, सदोष मनुष्यवध होतो, शिक्षा कमी होते. ठरवलं होतं हे दाखवायला आपल्या हातात मुख्य पुरावा म्हणजे त्यानं आधीपासून पसरवलेलं ते आजाराचं खोटं. बायको दिसली नाही तर लोकांनी विचारू नये, याची ती तयारी होती.”

मला ते इतकं सरळ वाटलं की यात वाद काय घालणार, तेच कळेना.

तिची आई साक्षीला आली. काटक बाई, नऊवारी नेसलेली, एसटीनं रात्रभर प्रवास करून आलेली. आपण आजारी नव्हतो, हे तिला मेलेल्या लेकीसाठी शपथेवर सांगावं लागलं. आरोपीच्या वकिलानं तिलाही सोडलं नाही. “या वयात काहीतरी दुखणं असेलच ना? गुडघे दुखतात का?”

“दुखतेत की,” म्हातारी म्हणाली. “पर गुडघ्यानं कुनी आंथरून धरत न्हाई. त्या टायमाला मी रानात हुते.”

मग मला बोलावलं. तोच वकील गोड आवाजात म्हणाला, “बाई, आरोपीला खोटं बोलायची सवय होती?”

“हो.”

“काही कारण नसताना?”

“हो.”

“गोळीची गोष्ट सांगा बरं कोर्टाला.”

मी सांगितली. मग त्यानं पापलेटाची विचारली, इंजिनीअरची विचारली. लोक हसायला लागले. पिंजऱ्यात उभा असलेला तोसुद्धा हसला. एका बाईला मारलंय आणि ही माणसं हसतायत, या विचारानं माझ्या अंगाची लाही झाली.

“म्हणजे सासूचं आजारपण हीसुद्धा त्यातलीच एक थाप. बरोबर?”

“नाही साहेब,” मी म्हणाले. “बाकीच्या थापा तो तिच्यासमोर मारायचा. ती हसायची, त्याला तेच हवं असायचं. ही एकच थाप त्यानं सगळ्यांना तिच्या माघारी मारली. तिच्यासमोर एकदाही नाही.”

वकील उसळून म्हणाला, हे साक्षीदाराचं मत आहे. जज्जसाहेब म्हणाले, “त्यांनी पाहिलं ते त्या सांगतायत.” आणि त्यांनी टायपिस्टला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मी तीन-चार वाक्यं बोलले होते, टाइप झालं ते एकच. मी विचारलं, सगळं घेतलं का? मला खाली उतरायला सांगण्यात आलं.

निकालाच्या दिवशी मी तिच्या आईशेजारी बसले होते. सदोष मनुष्यवध. सात वर्षं. निकाल इंग्रजीत होता, सरकारी वकिलांनी बाहेर येऊन अर्थ सांगितला. ते खोटं संशयास्पद आहे, पण जो माणूस उठल्यासुटल्या खोटं बोलतो, त्याच्या एका खोट्यावरून आधीचा बेत निर्विवाद सिद्ध होत नाही. संशयाचा फायदा आरोपीला.

“म्हणजे आयुष्यभर खरं बोलणारा माणूस हेच बोलला असता, तर तो अडकला असता?” मी विचारलं.

“अडकला असता बहुधा,” ते म्हणाले. निदान खरं बोलले.

अपील करा म्हणून आम्ही त्यांच्याकडे दोनदा गेलो. तिची आई हात जोडून उभी राहिली. अपील झालं नाही.

संशय आला तर सिद्ध करावा लागतो, हे मला कळतं. निरपराध माणूस फासावर जाऊ नये, हेही कळतं. पण सवय ही काय आभाळातून पडते? रोज खोटं बोलून त्यानं आमचे कान बधिर केले, म्हणून ती हसली, मी हसले, आणि कुणालाच धोका दिसला नाही. तोच बधिरपणा कोर्टानं त्याच्या पदरात घातला. आणि ती? तिच्या सवयींचा कुणी विचार केला? ती कधी शिवी देत नव्हती, न सांगता कुठं जात नव्हती. ते मला कुणी विचारलंच नाही.

दशक संपता संपता तो सुटला आणि फ्लॅट विकायला आला. बिल्डिंगमध्ये बरीच नवीन बिऱ्हाडं आली होती. खाली चेअरमन त्याच्यासोबत उभे होते आणि तो एका नव्या जोडप्याला सांगत होता, “इतकी वर्षं दुबईला होतो. मोठी कंपनी.”

मी जिना उतरत होते. तिथूनच मोठ्यानं म्हणाले, “दुबईला नाही, जेलमध्ये होता. बायकोचा गळा दाबला म्हणून.”

नवी बाई दोन पावलं मागे सरली. चेअरमन पुटपुटले, “वहिनी, आता कशाला? शिक्षा भोगलीय त्यानं.”

“भोगली असेल. पण माझ्यासमोर हे खोटं चालणार नाही.”

तो मान फिरवून फाटकाकडे चालायला लागला. वर येऊन मी मशीनवर बसले. त्या दिवशी शिवलेलं सगळं मला दुसऱ्या दिवशी उसवावं लागलं.