मर्सीला पुढची ओळ येत होती का?

मर्सीच्या घरी जेवणाआधी मी एक वचन म्हटलं, आणि तिथून माझं सगळं बदललं... रुआबांधा, स्टील प्लांटची वसाहत, रविवारची दुपार. आपलं राज्य वेगळं झालं नव्हतं, आपण मध्य प्रदेशात होतो तेव्हाची गोष्ट.

कॉलेज मी मधेच सोडलं होतं, प्रोफेसरशी भांडून. नोकरी नाही, प्रेम मात्र फुल टाइम! चर्चच्या क्वायरमध्ये मर्सी पुढच्या रांगेत, मी मागे, गाणं विसरून... शेवटी तिच्या पप्पांनाच गाठलं आणि लग्नाचं विचारलं. ते प्लांटात फोरमन. म्हणाले, पुढच्या रविवारी जेवायला ये, मग सांगतो.

त्यांच्याकडे एक रीत होती, मर्सीने आधीच सांगून ठेवलेली. ताटं वाढली की प्रत्येकाने बायबलमधलं एक वचन तोंडपाठ म्हणायचं, मगच पहिला घास.

आमच्या घरचं बायबल शोकेसमध्ये असायचं. ते काढलं, चाळलं, आणि बायबलातल्या पुस्तकांमध्येच एक लहानसं पुस्तक सापडलं... निव्वळ प्रेमाचं! बायबलात असंही काही असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातली एक जागा घोकून टाकली.

पप्पांनी त्यांचं नेहमीचं मेंढपाळाचं वचन म्हटलं, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. मर्सीनेही तेच. तिचा भाऊ सॅम अख्ख्या बायबलातलं सगळ्यात छोटं वचन उरकून भाताकडे बघायला लागला.

मग मी... मर्सीकडे बघत. हिवाळा सरला, फुलं आली, सखे, ऊठ आणि माझ्यासोबत चल, अशा अर्थाचं.

सॅम फिसकन हसला. "पापा, ये तो फिल्मी है."

पप्पा तापले. "देवाच्या नावानं माझ्या पोरीले पिच्चरचे डायलॉग आयकवून राहिला का बे?" माझंही डोकं फिरलं. म्हटलं, बायबलमधलंच आहे, काढून पाहा. ते म्हणाले, जन्म गेला चर्चमध्ये, मले शिकवू नको.

तेवढ्यात आजी बोलली. पप्पांची आई. तरुणपणी अचलपूरकडच्या खेड्यांत बायबलबाई म्हणून घरोघरी वचनं सांगत फिरलेली. आता मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हतं.

"शास्त्रातलंच आहे ते, बाप्पा. तुमी लोकं मेंढपाळाच्या पुढं गेलेच कुठं?" आणि मी म्हटलेलं तिने पुन्हा म्हटलं, माझ्या चुका दुरुस्त करून...

आजी मर्सीकडे वळली.

"याच्यापुढं त्या वचनातली पोरगी जवाब देते त्याले. लय गोड जवाब आहे. तुले येते का, माय?"

मी ते पान वाचलं होतं. तो माझा आणि मी त्याची, एवढंच तर म्हणायचं होतं... मर्सी बोटाने ताटातलं मीठ सारत राहिली. मग मान हलवली. नाही.

तिला ते येत नव्हतं, की येऊनही म्हणायचं नव्हतं? इतकी वर्षं झाली, अजून कळलेलं नाही. आजही ते पान उघडतो तेव्हा तिची ओळ मी वाचत नाही... तिच्यासाठी सोडून देतो. आजीचे मात्र उपकार आहेत. त्या घरात तिने मला खोटं पडू दिलं नाही.

त्या दुपारी पप्पांचं उत्तर ऐकायला मी थांबलोच नाही. भरल्या ताटावरून उठलो. आजी म्हणाली, बस रे बाबू, दोन घास खाऊन जा. मर्सी काही म्हणेल म्हणून चप्पल घालायला उगाच वेळ लावला... मग बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.