गूळ आणि मास्क

मोहोपाड्याजवळच्या रंगाच्या कंपनीत माझी सगळी नोकरी गेली. लष्कराच्या गाड्यांचा हिरवा रंग आम्ही करायचो. तो चकाकून चालत नाही, गाडी लांबून दिसते. खाली पिवळा प्रायमर, पत्रा गंजू नये म्हणून. वरच्या रंगात तो कडक बसावा म्हणून हार्डनर मिसळून पत्र्यावर फवारून बघायचा. तेव्हा मास्क लावा, असं साहेब सांगायचे. आम्ही तो गळ्यात अडकवायचो आणि पाळी सुटली की गूळ खायचो. गुळानं छाती साफ होते, ही आमची खात्री. गूळ कंपनीच वाटायची, मग कशाला शंका घ्या?

प्रायमरच्या भुकटीनं माखलेले कपडे घरी आणायचो. बायको हातानं धुवायची, मोरीतून पिवळं पाणी जायचं. पुढं तिला दमा झाला. मागच्या वर्षी ती गेली. कपड्यांमुळंच, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. मी चौथी शिकलेला, त्या भुकटीत विषारी क्रोम असतं हे कुठून कळणार? पण डब्यावरची कवटी तर दिसत होती.

म्हणून सुनेला तसल्याच कंपनीत सेफ्टीची नोकरी लागली, तेव्हा मी सरळ नको म्हणालो. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बाबा, तुमाला गूळ दिला, पण धरून शिकवलं कोणी नाय. मी त्याच कामाला चाललेय."

लागलं मला ते. कामाचे कपडे घरात येणार नाहीत, एवढी अट घातली. ती म्हणाली, ते तिकडंच धुतात, आणि प्रायमरमधलं क्रोमही आता काढलंय. मी मान हलवली, पण विश्वास बसला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात ती हसत घरी आली. फवारणीतला एक जुना कामगार दाढीवर मास्क लावून उभा होता. दाढी असली की मास्क चिकटून बसत नाही, वाफ आत शिरते. तिनं त्याला बाहेर काढलं.

तो म्हणाला, "मॅडम, दाढी नवसाची हाय."

"मग नवस फिटेपर्यंत पॅकिंगला बसा, काका."

दुसऱ्या दिवशी गडी तुळतुळीत होऊन हजर. रागावला असेल, मी म्हणालो.

"नाय ओ. घरी सांगितलं तर बायकोनंच वस्तरा हातात दिला म्हणे."

मी तिचा रिकामा जेवणाचा डबा घासायला घेतला. म्हणालो, उद्यापासून तुझा डबा मी भरीन, तू वेळेवर नीघ.