टोकियोच्या व्याह्याला रोह्याची गाणी

टॉवेल पडणाऱ्या मालिकेसाठी गाणं शोधायला मी पेणला निघाले, पण सासूबाईंना मात्र पोह्याचे पापड आणायला जाते असं सांगितलं.

मी पुण्यात जपानी शिकवते आणि भाषांतरंही करते. मुंबईच्या एका कंपनीकडून एका जपानी ॲनिमे मालिकेचे मराठी संवाद माझ्याकडे आले होते. आपल्या उन्हेऱ्यासारखं गरम पाण्याचं कुंड, तिथलं न्हाणीघर, त्याची मालकीण, तिचा बावळट नोकर आणि दर भागात कुणाचा तरी निसटणारा टॉवेल. चावटपणा भरपूर, वाईट मात्र कुणीच नाही. कलाकारांचे आवाज जवळजवळ भरून झाले होते आणि गणपतीच्या सुमारास मालिका यायची होती. अडलं होतं शीर्षकगीतापाशी. पुण्यातल्या गायिकांनी ते इतक्या शुद्ध मनानं म्हटलं की ऐकताना हात जोडावेसे वाटले. टोकियोच्या मोरिता-सान (सान म्हणजे आपलं 'राव') या निर्मात्यांनी कळवलं, की या आठवड्यात खट्याळ गाणं मिळालं नाही तर मराठी मालिकाच रद्द. माझी वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती.

पेणच्या एका विद्यार्थिनीनं चांगुणाबाईंचं नाव सुचवलं. त्या धवलारीण (आगरी लग्नात विधींची आणि व्याह्यांना चिडवायची गाणी म्हणणारी बाई). धरमतर खाडीकडच्या त्यांच्या गावात पोचले तर दाराला कुलूप. शेजारीण अंगणात सुकट पसरत होती.

"ती कुठली भेटते आता, गो? रोह्याला लगीन हाय भाचीचा," ती म्हणाली. "जा तिकडंच. जेवाण पन मिलंल."

पापड घेतले आणि रोह्याची एसटी पकडली. खिडकीतून मिठागरं मागे पडत होती, माझा जरा डोळा लागत होता, तेवढ्यात मालकिणीचा आवाज देणाऱ्या नटीचा निरोप आला. मी बोट लावलं आणि तिचा आवाज भर गाडीत घुमला, "ताई, टॉवेल पडतो तेव्हा 'आह' असं हवं, की 'आऽऽह' असं?" पुढे दोन्ही नमुने. फोन बंद होईना. कंडक्टरनं तिकिटांचं यंत्र बगलेत धरून शांतपणे सांगितलं, "मॅडम, दुसरावाला बरा हाय." नागोठण्यापर्यंत मी मान वर केली नाही.

रोह्याजवळच्या त्या वाडीत मांडव घातलेला होता. मी कोण, कुठली हे विचारण्याआधी माझ्यापुढे तांदळाचे वडे आणि वालाचं बिरडं आलं. बिरड्याला नारळाचा असा काही वास होता की मालिका, टोकियो, सगळं विसरून मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

चांगुणाबाई म्हणजे सत्तरीच्या, उंच, नाकात भली मोठी नथ आणि मांडवातल्या साऱ्यांवर हुकूम. मालिकेसाठी गाणं हवंय असं सांगून मी फोनवर एक प्रसंग दाखवला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्या मात्र गंभीर. पडद्यावरच्या मालकिणीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं,

"पोरगी कोनाची?"

"टोकियोच्या एका माणसाची म्हणा. त्यांनी मालिका काढली."

"म्हंजे पोरगी त्याची, नि येते आमचे घरात. तो व्याही झाला. व्याह्याला शिव्यांची गानी तोंडावर म्हनायची. पाठीमागं म्हटली तं ती चुगली. बोलव त्याला."

मी हरतऱ्हेनं समजावलं. नाही म्हणजे नाही. शेवटी मोरिता-सानना व्हिडिओ कॉल लावला. ते ऑफिसात, टाय बांधून, ताठ बसलेले. फोन पाटावर तांब्याला टेकवून ठेवला आणि त्यांच्या कपाळाच्या जागी, काचेवर, कुणीतरी हळदीचं बोट ओढलं. दुसऱ्या फोनवर मी गाणं टिपायला लागले. चांगुणाबाईंनी सूर लावला आणि मागे बायकांनी धरला:

*टोकियोचा व्याही, त्याला लाज नाय गो बाय,*
*न्हानीघरात पोर ठेवली, दाराला कडी नाय.*
*बायको त्याची रुसली, तिनं चूलच विझवली,*
*कच्चा मासा खातो मेला, खाट भायेर टाकली.*

हवा होता तो खट्याळपणा हाच. पण ज्यांच्या एका शब्दावर सगळं अवलंबून, त्यांच्याच तोंडावर हे कसं सांगायचं? मी जपानीत म्हटलं, "आपल्या कुटुंबाला उत्तम आरोग्य लाभो, अशा अर्थाचं आहे." मोरिता-साननी कमरेतून वाकून आभार मानले.

गाणं थांबलं.

"ह्याला लागला नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "व्याही लाजला नाय तं गानी फुकट. तू बराबर सांगत नाय, गो बाय. बराबर सांग, नायतर मी उठते."

इकडे बाई उठणार, तिकडे साहेब फोन ठेवणार. मग डोळे मिटून मी शब्दन् शब्द सांगितला. व्याही, कडी, चूल, मासा, खाट.

मोरिता-साननी टायची गाठ चाचपली. मग कानापासून लाल होत ते हळूच म्हणाले, "खाटेचं यांना कुणी सांगितलं?"

मी तेही बायकांना सांगितलं, आणि मांडवात असा हशा उठला की नवरीची आई चूल सोडून धावत आली. मोरिता-सान टाय सैल करून डोळे पुसत हसत होते. चांगुणाबाईंनी समाधानानं मान हलवली आणि आणखी सहा कडवी म्हटली. ती इथे लिहिण्यासारखी नाहीत, पण मी सगळी सांगितली. शेवटी त्यांनी पाठवणीचा धवला धरला, पोरीला जपा म्हणणारं लग्नगीत. मी भाषांतराला तोंड उघडलं, तर मोरिता-साननी हातानं नको म्हटलं. ते नुसतं ऐकत राहिले.

गाणं मी वाटेतूनच मुंबईला पाठवलं होतं; पुण्याला पोचले तर कंपनीचा निरोप हजर. गाणं झकास, पण कडी, खाट आणि पुढची सहाही कडवी काढावीत, कुणाच्या भावना दुखावतील. वाचून माझं डोकंच फिरलं. मी तो निरोप जसाच्या तसा टोकियोला पाठवला. उत्तर लगेच आलं, आणि ते मी एकही शब्द मऊ न करता मराठीत मुंबईला कळवलं:

"भावना माझ्या आहेत. शिव्या मला तोंडावर दिल्या आहेत. एकही कापायची नाही. मुलीच्या सासरचं आहे ते."